रुग्णाला कोणी विचारले? फुप्फुसाचा कर्करोग आणि जगण्याच्या दर्जाचे मोजमाप

१/२०
रुग्ण बरा होणार नाही, हे वैद्यकाला ठाऊक आहे. तरीही त्याला औषध द्यायचे आहे. ते औषध ‘लागू पडले’ असे केव्हा म्हणायचे? क्ष-किरण चित्रातील गाठ लहान झाली तेव्हा? रुग्ण दोन महिने अधिक जगला तेव्हा? की तो पुन्हा स्वतःच्या हाताने अंघोळ करू लागला तेव्हा? आज ‘क्वालिटी ऑफ लाइफ’ किंवा ‘जगण्याचा दर्जा’ हा शब्दप्रयोग सर्रास ऐकू येतो. त्याच्या मोजमापाचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. त्या इतिहासातील बरेच महत्त्वाचे टप्पे एकाच आजाराशी जोडलेले आहेत: फुप्फुसाचा कर्करोग. आजचा धागा त्याविषयी.

२/२०
विसाव्या शतकाच्या आरंभी हा आजार दुर्मिळ मानला जाई. पुढील दोन-तीन दशकांत रुग्णसंख्या झपाट्याने वाढली, पण उपचार असा नव्हताच. ५ एप्रिल १९३३ रोजी अमेरिकेतील सेंट लुइस येथे इव्हार्ट्स ग्रॅहम या शल्यविशारदाने जेम्स गिलमोर नावाच्या रुग्णाचे डावे फुप्फुस एकाच शस्त्रक्रियेत संपूर्ण काढले. गिलमोर स्वतः पिट्सबर्गचे प्रसूतितज्ज्ञ होते, वय ४८. ते वाचले, पुन्हा आपल्या व्यवसायात परतले आणि १९६३ पर्यंत जगले. एका फुप्फुसावर तीस वर्षे! वैद्यकाच्या इतिहासात या प्रसंगाला मानाचे पान आहे.

३/२०
परंतु गिलमोर हा अपवाद होता. शस्त्रक्रिया शक्य होते ती गाठ एका जागी मर्यादित असेल तरच. फुप्फुसाच्या आत वाढणारी गाठ सुरुवातीला दुखत नाही. खोकला येतो, तो साधा वाटतो. वजन घटते, त्याची कारणे इतरत्र शोधली जातात. थुंकीत रक्त दिसेपर्यंत किंवा धाप लागेपर्यंत आजार बहुधा पसरलेला असतो. म्हणून बहुसंख्य रुग्णांपुढे प्रश्न ‘बरे कसे व्हावे’ हा नव्हता. उरलेले दिवस कसे जातील, हा होता. आणि त्या काळच्या वैद्यकापाशी या दुसऱ्या प्रश्नासाठी भाषाच नव्हती.

४/२०
ही भाषा आली ती युद्धातून. मस्टर्ड वायू हे पहिल्या महायुद्धातील कुप्रसिद्ध अस्त्र. त्याच कुळातील नायट्रोजन मस्टर्ड ही संयुगे पांढऱ्या रक्तपेशी नष्ट करतात, हे लक्षात आल्यावर १९४२ मध्ये येल विद्यापीठात लुइस गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन यांच्या पुढाकाराने त्यांचा कर्करोगावर प्रयोग झाला. युद्धकाळात हे संशोधन गुप्त राहिले. १९४६ साली ते प्रसिद्ध झाले आणि आज ज्याला आपण ‘केमोथेरपी’ म्हणतो, त्या उपचाराचा आरंभ झाला. रक्त व लसिका ग्रंथींच्या कर्करोगांत या औषधाने थोडी आशा दाखवली. मग ते फुप्फुसाच्या रुग्णांनाही देऊन पाहण्यात आले.

५/२०
न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डेव्हिड कार्नोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ रुग्णांना हे औषध दिले. सर्वांचा आजार शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला. १९४८ साली ‘कॅन्सर’ या नव्यानेच सुरू झालेल्या नियतकालिकात त्यांनी आपले निष्कर्ष मांडले. औषधाने कोणीही बरे झाले नाही. परंतु काहींचा खोकला कमी झाला, धाप कमी झाली, छातीतले दुखणे हलके झाले. हा आराम थोड्या काळाचाच होता. हे ‘यश’ कोणत्या रकान्यात लिहायचे? गाठीचे माप घेऊन ते सांगता येत नव्हते. ‘रुग्णाला बरे वाटते’ एवढे म्हणणे त्या काळच्या शास्त्राला पुरेसे वाटत नव्हते.

६/२०
यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘कार्नोफ्स्की श्रेणी’. शून्य ते शंभर, दहा-दहाच्या पायऱ्या. शंभर म्हणजे निरोगी, कोणतीही तक्रार नाही. सत्तर म्हणजे स्वतःचे सर्व स्वतः करता येते, पण कामधंदा जमत नाही. पन्नास म्हणजे बऱ्याच मदतीची आणि वारंवार वैद्यकीय देखभालीची गरज. तीस म्हणजे रुग्णालयात ठेवणे आवश्यक. दहा म्हणजे मृत्युशय्या. शून्य म्हणजे मृत्यू. पाऊणशे वर्षे लोटली, तरी ही श्रेणी जगभरच्या कर्करोग विभागांत आजही वापरली जाते. पुढे १९६० मध्ये तिचे शून्य ते पाच असे आटोपशीर भावंडही आले.

७/२०
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थोडे थांबले पाहिजे. ही श्रेणी नेमके काय मोजते? माणूस काम करू शकतो का, स्वतःचे स्वतः आवरू शकतो का, आणि त्याला इतरांची किती मदत लागते. हे तिन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. पण तिन्हींची उत्तरे खाटेशेजारी उभ्या असलेल्या माणसाला बाहेरून पाहून देता येतात. आकडा लिहितो तो डॉक्टर. रात्रभर झोप न लागणे, श्वास कोंडण्याची भीती, घरच्यांवर आपला भार पडतो ही खंत, यांना त्या शंभर गुणांत कुठेही जागा नाही. आजाराची नोंद डॉक्टरकडे आधीपासून होती. त्या नोंदीत आता रुग्णाचे वागणे-फिरणे आले. त्याचे म्हणणे अजून आले नव्हते.

८/२०
योगायोग असा की त्याच १९४८ साली, फेब्रुवारीत, लंडनच्या एका रुग्णालयात डेव्हिड तस्मा नावाचा पोलिश ज्यू निर्वासित कर्करोगाने मरण पावला. त्याचा आजार फुप्फुसाचा नव्हता. पण अखेरच्या आठवड्यांत त्याच्याशी तासन्‌तास बोलत बसणारी एक तरुण समाजसेविका होती, सिसिली सॉन्डर्स. मरणासन्न माणसांना निवांतपणे, वेदनेविना राहता येईल अशी एखादी जागा असावी, असे त्यांच्या बोलण्यात येई. तस्माने मरताना त्या कल्पित वास्तूच्या एका खिडकीसाठी म्हणून पाचशे पौंड ठेवले. एकाच वर्षी अटलांटिकच्या एका तीरावर रुग्णाला गुण देण्याची पद्धत जन्मली आणि दुसऱ्या तीरावर त्याचे ऐकून घेण्याची. या दोन्ही वाटा एकत्र यायला पुढे अनेक दशके जावी लागली.

९/२०
मधल्या काळात आणखी एक गोष्ट घडली. १९५० साली दोन मोठे अभ्यास प्रसिद्ध झाले: अमेरिकेत अर्न्स्ट विंडर आणि इव्हार्ट्स ग्रॅहम यांचा, ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांचा. दोहोंनी धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा घट्ट संबंध दाखवला. हे ग्रॅहम म्हणजे १९३३ ची शस्त्रक्रिया करणारेच. ते स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत. पुरावा हाती आल्यावर त्यांनी ती सोडली, पण उशीर झाला होता. १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांनी ज्याचे फुप्फुस काढले तो रुग्ण त्यांच्या मागे सहा वर्षे जगला.

१०/२०
१९५० च्या शोधाने पुढे असंख्य प्राण वाचवले, यात शंका नाही. पण ज्यांना आजार झालाच होता, त्यांच्या वाट्याला त्यातून एक नवे ओझे आले: ‘हे तू स्वतःच ओढवून घेतलेस.’ हृदयविकाराच्या रुग्णाला समाज सहसा असे विचारत नाही. २००४ मध्ये ब्रिटनमधील ४५ रुग्णांच्या मुलाखतींवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लाज, दोषारोप आणि कलंक यांचा अनुभव पुन्हापुन्हा येतो. ज्यांनी सिगारेट कधीच सोडून दिली होती किंवा मुळात ओढलीच नव्हती, त्यांच्याही बोलण्यात. काहींनी तर आजार लपवला. हा त्रास कोणत्याही क्ष-किरण चित्रात दिसत नाही.

११/२०
लंडनमध्ये सॉन्डर्स यांनी आपला निश्चय सोडला नव्हता. परिचारिका व समाजसेविका असलेल्या त्या पुढे वैद्यकशास्त्र शिकून डॉक्टर झाल्या आणि १९६७ मध्ये त्यांनी ‘सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस’ सुरू केले. त्यांनी दोन गोष्टी रूढ केल्या. पहिली, वेदना असह्य होण्याची वाट न पाहता घड्याळाच्या ठरल्या वेळी मॉर्फिन देणे. दुसरी, ‘समग्र वेदना’ ही कल्पना. शरीराचे दुखणे, मनाची घालमेल, घरसंसाराची व पैशाची चिंता आणि ‘माझ्या जगण्याचा अर्थ काय’ हा प्रश्न, या चारही गोष्टी मिळून माणसाची वेदना बनते. धाप लागणाऱ्या फुप्फुसाच्या रुग्णांसाठी हे विशेष खरे होते. कारण श्वास अडकला की भीती वाढते, आणि भीती वाढली की श्वास आणखी अडकतो.

१२/२०
संशोधनाच्या जगात मात्र डॉक्टरने दिलेला आकडाच प्रमाण राहिला. हळूहळू शंका उठू लागल्या. एकाच रुग्णाला दोन निरीक्षक वेगळे गुण देतात, हे दिसून आले. १९८८ साली मॉरिस स्लेविन आणि त्यांच्या लंडनमधील सहकाऱ्यांनी थेट प्रश्न केला: जगण्याचा दर्जा मोजायचा कोणी, डॉक्टरने की रुग्णाने? दोघांचे उत्तर ताडून पाहता डॉक्टरांचा अंदाज भरवशाचा ठरला नाही. त्यांचाच १९९० चा अभ्यास तर अधिक बोलका आहे. अत्यल्प लाभाच्या शक्यतेसाठी कठोर उपचार सोसायला रुग्ण मोठ्या संख्येने तयार होते. डॉक्टर, परिचारिका आणि निरोगी माणसे तितकी नव्हती. ‘मी त्यांच्या जागी असतो तर’ या विचाराला असलेली मर्यादा इथे उघड झाली.

१३/२०
१९९३ मध्ये हे चित्र पालटले. कर्करोग संशोधनाच्या ‘इओआरटीसी’ या युरोपीय संघटनेने तीस प्रश्नांची एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. प्रमुख लेखक अॅमस्टरडॅमचे नील आरनसन. उत्तरे भरायची होती रुग्णाने. लांब चालता येते का, झोप लागते का, काळजी वाटते का, घरच्या आणि चारचौघांतल्या जीवनावर परिणाम झाला का, पैशाची अडचण आली का. ही प्रश्नावली प्रथम पारखून घेतली गेली ती १३ देशांतील ३०५ रुग्णांवर, आणि ते सारे शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण होते. १९४८ मध्ये कार्नोफ्स्कींनी ज्या प्रकारच्या रुग्णांना गुण दिले होते, तशाच रुग्णांच्या हाती पंचेचाळीस वर्षांनी लेखणी आली.

१४/२०
पुढच्याच वर्षी केवळ या आजारासाठी तेरा प्रश्नांची पुरवणी आली. खोकला. थुंकीतून रक्त. धाप, तीही तीन वेगळ्या प्रश्नांत: बसल्या जागी, चालताना, जिने चढताना. छातीत, खांद्यात किंवा अन्यत्र दुखणे. त्यांच्या जोडीला औषधांचे त्रास: तोंड येणे, गिळताना त्रास, हातापायांना मुंग्या, केस गळणे. आजाराचा त्रास आणि उपचाराचा त्रास एकाच कागदावर शेजारी-शेजारी आले, हे या यादीचे वैशिष्ट्य. उपचार रुग्णाला काय देतो आणि काय हिरावून घेतो, हे आता एकत्र पाहता येणार होते.

१५/२०
त्याचा प्रत्यय लवकरच आला. पसरलेल्या आजारात केमोथेरपी द्यावी की नाही, यावर तेव्हा मोठा वाद होता. १९९५ मध्ये ५२ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणातून आयुष्य थोडेसे वाढते, असे दिसले. पण ते वाढलेले आयुष्य कसे असते? इटलीत सत्तरी ओलांडलेल्या रुग्णांवर झालेल्या आणि १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने जगण्याचा दर्जा हाच मुख्य निकष ठरवला. विनोरेलबिन हे औषध घेणारे मध्यम मानाने २८ आठवडे जगले, केवळ आधार-उपचार घेणारे २१ आठवडे. औषध घेणाऱ्यांना आजाराची लक्षणे कमी जाणवली, औषधाचे त्रास अधिक जाणवले. कमाई आणि खर्च, दोन्ही रुग्णांच्याच उत्तरांतून मांडले गेले.

१६/२०
मग आले २०१० साल. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जेनिफर टेमेल यांनी आजार पसरलेल्या १५१ नव्या रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीचा उपचार. दुसऱ्याला नेहमीच्या उपचारासोबत निदानानंतर लगेच पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास आणि चिंता हलकी करणारी सेवा. दुसऱ्या गटाचा जगण्याचा दर्जा सरस ठरला. नैराश्याची लक्षणे नेहमीच्या गटात ३८ टक्के रुग्णांत होती, या गटात १६ टक्के. अखेरच्या दिवसांत आक्रमक उपचारही कमी झाले. आणि तरीही या गटाचे मध्यम आयुष्य ११.६ महिने होते. दुसऱ्या गटाचे ८.९. ‘आधी औषध, सारे संपले की मग सांत्वन’ या क्रमाला या अभ्यासाने मोठा धक्का दिला.

१७/२०
आपल्याकडे काय घडत होते? मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये उघडले. देशातील पहिले हॉस्पिस त्यानंतर पंचेचाळीस वर्षांनी आले: १९८६ साली वांद्रे येथे शल्यविशारद एल. जे. डिसूझा यांनी स्थापलेले ‘शांती अवेदना’. पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. मात्र त्याच सुमारास, १९८५ मध्ये, अमली पदार्थविरोधी कायदा आला. मॉर्फिनसाठी इतके परवाने लागू लागले की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. १९९७ पर्यंत साऱ्या देशाचा वैद्यकीय वापर १८ किलोच्या आसपास घसरला. जो देश वैद्यकीय कामासाठी अफू पिकवून जगाला पुरवतो, तिथली ही स्थिती. केरळमधील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि इतरांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर २०१४ मध्ये कायदा सुधारला गेला.

१८/२०
तीस प्रश्नांची ती युरोपीय प्रश्नावली आज मराठीतही आहे. तिची हिंदी व मराठी रूपे टाटा रुग्णालयात डोके-मान कर्करोगाच्या रुग्णांवर पारखली गेली. तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशा भाषांतरात दोन जण स्वतंत्रपणे मराठी करतात, मग ते उलट इंग्रजीत नेऊन मूळाशी ताडतात आणि शेवटी रुग्णांना वाचायला देतात. काम वाटते तितके सोपे नाही. ‘दम लागला’, ‘धाप लागली’, ‘श्वास कोंडला’ आणि ‘जीव घाबरा झाला’ ही मराठीत चार वेगळी वाक्ये आहेत. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याला जिन्याचा प्रश्न वेगळा, आणि घरात जिनाच नसलेल्या, विहिरीवरून पाणी आणणाऱ्या बाईला वेगळा.

१९/२०
आपण इतिहासाचे विद्यार्थी. साधनांत कोणाचा आवाज उमटतो आणि कोणाचा नाही, हे पाहणे आपले कामच. गिलमोर यांचे नाव, व्यवसाय, शस्त्रक्रियेची तारीख सारे काही आपल्याला माहीत आहे, कारण ते वाचले आणि स्वतः डॉक्टर होते. १९४८ चे ते ३५ जण केवळ आकडे म्हणून उरले. त्यांचा खोकला थांबला तेव्हा त्यांनी काय केले, कोणाला भेटले, काय खावेसे वाटले, याची नोंद त्या लेखात नाही. १९९३ नंतरच्या रुग्णांनी निदान चौकटीत खुणा केल्या. प्रश्नावलीलाही मर्यादा आहेत. जे विचारलेच नाही, त्याचे उत्तर तिच्यात सापडत नाही. तरी ‘मला काय होते’ हे सांगण्याचा अधिकार कागदावर रुग्णाकडे आला, हा बदल लहान नाही.

२०/२०
हा बदल अजून सगळीकडे पोहोचलेला नाही. आपल्याकडे पुष्कळदा निदानच रुग्णापासून लपवले जाते. डॉक्टर बोलतात ते मुलाशी किंवा जावयाशी, आणि ज्याचा श्वास अडकतो तो आजोबा खाटेवरून सर्वांचे चेहरे पाहत राहतो. अशा घरात कधी जाण्याची वेळ आली तर ‘सिगारेट ओढत होते का?’ हा पहिला प्रश्न करू नका. ‘आज कसं वाटतंय?’ एवढेच विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत बसा. धाप लागलेल्या माणसाचे वाक्य पूर्ण व्हायला वेळ लागतो.
धागा इथे संपला. आपल्या घरातील वा गावातील अशा आजारपणाच्या जुन्या आठवणी, पत्रे, डायऱ्या असतील तर जपून ठेवा. रुग्णाच्या बाजूने लिहिलेला इतिहास आपल्याकडे फार थोडा आहे.